केराबाईची घोंगडी आणि तीन विमानं

मी एक जुनी काळी घोंगडी आहे, मित्रांनो. लगेच नाक मुरडू नका. मी अंगाला टोचते, भिजले की मला मेंढीचा वास येतो, हे मला ठाऊक आहे. एखादं काम रेंगाळलं की तुम्ही त्याला 'भिजत घोंगडं' म्हणता, तेही मी कैकदा निमूट ऐकून घेतलं आहे. पण सोलापूरच्या माळावर लष्कराची तीन विमानं उतरली होती ना, त्यांचे नव्या पेठेतल्या इरप्पाने जे फोटो काढले, त्यांतला एकही माझ्यावाचून निघालेला नाही. आणि एका फोटोत तर मी स्वतः उभी आहे. तेव्हा जरा सरसावून बसा.

माझा जन्म मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका धनगरवाडीतला. केराबाईला तिच्या धाकट्या भावाने, भीमाने, एक काळी मेंढी दिली होती. त्या मेंढीच्या आणि तिच्या पिलांच्या लोकरीची मी. मेंढरांमागे चालता चालता केराबाईने टकळीवर माझं सूत काढलं. त्याला दोन हिवाळे लागले. मग शेजारच्या गावातल्या सणगराने मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ चोपडून उन्हात कडक वाळवलं. खळ दिली की विणीतली भोकं बुजतात आणि वारा आत शिरत नाही. ही खळ लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

मी केराबाईच्या एकुलत्या एका मुलाची, महिपतीची. तो दहा वर्षांचा असताना बाभळीच्या काट्याला अडकून मी वीतभर फाटले. दुसरा एखादा पोर रडत आईकडे गेला असता. हा तिथेच बांधावर बसला, कुठून तरी पांढरा दोरा आणि दाभण मिळवलं आणि मला ठिगळ लावलं. टाके असे तिरपे, एकावर एक पडलेले, की केराबाई हसून म्हणाली, "काय रं ह्ये? बाभळीचं काटंच काडलंस की घोंगडीवर." पण मित्रांनो, तेवढ्या जागी मी पुन्हा कधी फाटले नाही. काळ्या अंगावरचं ते पांढरं ठिगळ मी दागिन्यासारखं मिरवलं आहे.

महिपतीचं मन मेंढरांत रमलं नाही. बाप लवकर गेला. पोरगा अठराव्या वर्षी सोलापूरला आला आणि रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये कामाला लागला. नव्या पेठेत एका माडीवर दुधनीच्या इरप्पाचा फोटोचा कारखाना होता. त्याच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याचा चामडी भाता जागोजागी चिरला होता आणि आत उजेड शिरत होता. महिपतीने तो असा शिवून दिला की इरप्पाने त्याला आपला माणूसच मानलं. पुढे विमानांच्या पलटणीत हवाई शिपाई म्हणून माणसं घेत आहेत असं कळलं, आणि महिपतीची निवड झाली. कराचीला जायचं होतं. नवे खाकी कपडे घालून तो इरप्पाकडे आला आणि मला त्याच्या हातात ठेवलं.

"अण्णा, ही तुमच्याकडंच राहू द्या," तो म्हणाला. "गाडीत समदी चांगल्या कपड्याची माणसं असत्यात. खाकीवर घोंगडी बरी दिसत न्हाय."

मला फार लागलं. ज्याला मी पावसात कोरडं ठेवलं, त्याला माझी लाज वाटली होती. पण घोंगडीचं ऐकतो कोण?

इरप्पाने मात्र माझं सोनं केलं. त्याच्या कॅमेऱ्यावरचं जुनं काळं कापड विटून विरविरीत झालं होतं. त्याने मला कॅमेऱ्यावर टाकलं, डोकं आत घातलं आणि आतूनच ओरडला, "सावित्रम्मा, इकडं ये. अंधार बघ काय झालाय." सावित्रम्मा म्हणजे त्याची बायको. तिनेही डोकं आत घातलं आणि तीन वेळा शिंकली. त्या दिवसापासून मी फोटोग्राफरची घोंगडी झाले.

तुम्हाला वाटेल, अंधाराचं काय एवढं कौतुक? अहो, कॅमेऱ्याच्या मागे एक घासलेली काच असते. समोरचं सगळं त्या काचेवर उमटतं, तेही उलटं, पाय वर आणि डोकं खाली. भोवती गडद अंधार असेल तरच ते दिसतं. तो अंधार मी देत असे. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात माझ्याखाली डोकं घालायचं म्हणजे इरप्पाचा जीव अर्धा होई. तरी त्याने मला बदललं नाही. नगरशेठ, वकील, नवरानवरी, पहिलवान, सगळ्यांना मी उलटं पाहिलं आहे.

इरप्पाचा एक कडक नियम होता. हळद लागलेली नवरी आली की तो आधी तिचं तोंड धुवायला लावी. तेव्हाच्या फोटोच्या काचेला पिवळा रंग दिसतच नसे. जे पिवळं असेल ते फोटोत काळं उमटे. नवरीच्या आईला तो बजावत असे, "हळद पुसा बाई. लेक काळी आली तर मला बोलायचं न्हाई." पंधरा वर्षांत त्याने ही चूक एकदाही केली नव्हती, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

महिपतीची पत्रं इरप्पाच्या पत्त्यावर येत. केराबाई मंगळवारच्या बाजाराला आली की माडी चढून येई, भिंतीला टेकून बसे आणि इरप्पा पत्र वाचून दाखवी. असं पाच वर्षं चाललं. महिपतीची रजा मंजूर होता होता सरहद्दीवर काही ना काही निघे आणि रजा राहून जाई. भीमाने आपली मुलगी बजाबाई त्याला द्यायचं कबूल केलं होतं. तेही लग्न आता, काय करणार, भिजत घोंगडं होऊन बसलं. वाडीत लोक म्हणू लागले, पोरगा जिवंत नसणार, नाहीतर कुठे तरी परागंदा झाला असणार.

एका मंगळवारी केराबाई पत्र न मागताच बसून राहिली. मग म्हणाली, "अण्णा, भीमा म्हंतो, कागद कुनीबी लिवतंय. चैतापातुर पोराचं तोंड दाव, न्हायतर बजी दुसरीकडं दिली म्हनून समज. आसं बोलून त्यो मेंढरं घिऊन लांब चराय गेला. पोरगं हितं न्हाय. म्या तोंड कुटनं दावू?"

महिन्याभरातच कार्ड आलं. महिपतीच्या पलटणीची तीन विमानं सोलापुरास येऊन एक दिवस लोकांना कसरती दाखवणार होती, आणि मागच्या बैठकीत बसून महिपतीही येणार होता. त्याच संध्याकाळी इरप्पाने बाजारातल्या मेंढक्याबरोबर वाडीला निरोप धाडला. योगायोग असा, की विमानांचे फोटो काढायचं कामही त्यालाच मिळालं. पलटणीच्या साहेबाची अट होती की सहाच काचा वापरायच्या, म्हणजे सहाच फोटो, आणि बंदुकांचे फोटो काढायचे नाहीत. पाच काचा विमानांच्या आणि सहावी महिपतीची, असं इरप्पाने मनाशी ठरवून टाकलं.

गड्ड्याची जत्रा उठून आठ दिवस झाले होते. गावाबाहेरच्या माळावर चुन्याने रेघा आखल्या होत्या, भोवती दोर बांधला होता आणि दोराबाहेर सारं सोलापूर लोटलं होतं. गिरण्यांतले कामगार होते, मागवाले होते, बैलगाड्यांवर चढलेल्या बाया होत्या. दोरापाशी केराबाई डोळ्यांवर हात धरून उभी होती. खाकीतल्या माणसांत तिला आपला मुलगा ओळखू येत नव्हता.

तीन विमानं ओळीने उभी होती. दोन दोन मजल्यांचे पंख, रुपेरी अंग, उन्हात नुसती झळाळत होती. इरप्पाला राहवलं नाही. छान कोन साधावा म्हणून तो एका विमानाच्या मागेच जाऊन उभा राहिला. त्याने डोकं माझ्याखाली घातलं आणि तेवढ्यात विमानाचा पंखा सुरू झाला.

असा वारा मी जन्मात पाहिला नव्हता. धुळीचा लोट उठला. इरप्पाने कॅमेऱ्याला मिठी मारली, पण मला कोण धरणार? मी उडाले. खरोखर उडाले, मित्रांनो. मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. विमानांच्या आधी मी त्या माळावर आभाळात गेले, हे सोलापुरात कुणाला आठवत नसेल, पण मी विसरलेले नाही.

खाली आले ती लोळत लोळत. एक खाकीतला जवान धावत आला आणि त्याने मला पकडलं. झटकलं, उलटं केलं, आणि त्याचा हात थांबला. त्याचं बोट माझ्या पांढऱ्या ठिगळावर होतं.

"मालक, ही घोंगडी कुनाची?" धुळीने माखलेल्या फोटोवाल्याला न ओळखता त्याने विचारलं.

इरप्पाच्या डोळ्यांत धूळ गेली होती. पण आवाज ओळखून तो डोळे चोळत म्हणाला, "तुझीच की रे, महिपती."

दोराबाहेरून केराबाईने एवढंच पाहिलं, की एका शिपायाने आपली घोंगडी छातीशी धरली आहे. तेव्हा तिने मुलगा ओळखला. तिने पदराची गाठ चाचपून पाहिली.

मग कसरती झाल्या. विमानं वर चढली, वळली, एक तर सरळ खाली झेपावलं तेव्हा अख्ख्या माळाने श्वास रोखला. माझ्या अंधारात ती सगळी उलटी दिसत होती, आभाळ खाली आणि माळ वर. इरप्पा माझ्याखालून नेम धरी, काच बसवी आणि फोटो उमटवणारा रबरी फुगा दाबी. पहिल्या काचेवर नुसतं आभाळ आलं. दुसरीवर एक शेपूट आलं. पण तिसरीवर तिन्ही विमानं, एका ओळीत, स्वच्छ उतरली. लग्नाच्या पंगतीत 'हलू नका' म्हणणाऱ्या माणसाने उडती विमानं पकडली होती. हा फोटो पुढे नगरपालिकेच्या कचेरीत लागला. त्याला अंधार माझा होता, हे तिथे लिहिलेलं नाही, म्हणून इथे सांगते.

चौथी आणि पाचवी काच उतरलेल्या विमानांवर गेली. मग दोर सोडला आणि लोकांना रांगेने एक विमान जवळून पाहू दिलं. महिपतीने आईला हाताला धरून पंखापाशी आणलं.

"आये, हात लाव."

केराबाईने बोटं फिरवली आणि दचकली. "आरं, ह्ये तर कापाड हाय."

"व्हय. कापाडच हाय. वरनं खळ दिल्याली हाय, मंजी वारा आत शिरत न्हाय. फाटलं की म्या शिवतो. ठिगळ लावतो, पुन्ना खळ देतो. ह्येच माजं काम."

केराबाईने पंख पुन्हा एकदा चाचपला आणि म्हणाली, "मंजी घोंगडीच की."

मित्रांनो, तुम्हीच सांगा, त्यानंतर मी जमिनीवर कशी राहू? ज्या विमानापुढे सारं सोलापूर तोंडात बोट घालून उभं होतं, ते माझ्याच जातकुळीचं निघालं. आणि त्याची ठिगळं शिवणारा हात पहिल्यांदा माझ्यावर चालला होता.

इरप्पाने सहावी काच हातात घेतली. महिपती विमानापुढे उभा राहिला, पण लगेच मागे आला. त्याने मला कॅमेऱ्यावरून उचललं आणि खाकीवर, खांद्यावर टाकलं, पांढरं ठिगळ पुढे येईल असं.

"अण्णा, हिच्यासकट काडा," तो म्हणाला.

एका साहेबाने भुवया उंचावल्या. महिपतीने मान ताठच ठेवली. ज्याला रेल्वेच्या डब्यात माझी लाज वाटली होती, तो साहेबाच्या विमानापुढे मला मिरवत होता. पाच वर्षांचा राग मी तेवढ्यात विसरले.

इतक्यात केराबाई पुढे आली. पदराची गाठ सोडून तिने मूठभर भंडारा काढला. पाच वर्षांनी भेटलेला मुलगा, आभाळातून उतरलेला, त्याला भंडारा लावल्यावाचून ती कशी राहील? कपाळापासून हनुवटीपर्यंत तिने चारी बोटांनी पिवळीधमक हळद ओढली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," असं पुटपुटली आणि बाजूला झाली.

इरप्पाने डोक्यावर कोट ओढून काचेत पाहिलं. त्याच्या डोळ्यांत रुपेरी पंख भरले होते. "हळद पुसा," हे पंधरा वर्षांचे दोन शब्द त्या दिवशी त्याच्या तोंडून निघाले नाहीत. आणि माझं म्हणाल तर मीही विसरले. पहिल्यांदाच फोटोत उभी होते ना.

फुगा दाबला गेला. तासाभरात विमानं गेलीसुद्धा. जाताना महिपतीने मला इरप्पाकडे दिलं. "रजा मिळाली की येतो, तवा घिऊन जातो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून निघाला आणि इरप्पाने तो खिडकीशी नेला. विमान स्वच्छ आलं होतं. खाकीचं बटण न् बटण दिसत होतं. मी तर काय सुरेख आले होते. पण महिपतीच्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत काळे पट्टे होते आणि डोळे-नाक काही ओळखू येत नव्हतं. जे तोंड दाखवायचं होतं तेच नव्हतं. "पंधरा वर्षं लोकांना शिकवलं आणि माझ्याच हातानं माती खाल्ली," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मग त्याने बारीक पेन्सिल काढली. काचेवर पेन्सिलीने डोळे, नाक, मिशा काढता येतात. फोटोवाले सुरकुत्या घालवायला ते करतातच. भीमाने पाच वर्षांत मुलाला पाहिलं नव्हतं, त्याला कुठे कळणार होतं? पण सावित्रम्माने त्याचा हात धरला. "ब्याड, ते करू नका," ती आपल्या कानडी वळणाने म्हणाली. "आईला दुसऱ्याचं तोंड देऊ नका."

इरप्पाने पेन्सिल ठेवली. मंगळवारी त्याने केराबाईपुढे फोटो आणि आपली चूक दोन्ही ठेवलं. ती फोटो पदराखाली घेऊन गेली. तिला राग आला की रडू, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर इरप्पाला माझ्याकडे बघवेना. मला पाहिलं की त्याला ती सहावी काच आठवे. त्याने मुंबईहून नवं काळं कापड मागवलं, आत रबर लावलेलं, आणि मला घडी घालून ट्रंकेखाली सारलं. विमानं पाहिलेली मी, झुरळांच्या शेजारी पडले. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. उडालेल्या घोंगडीवर ही वेळ यावी? पण मी वाट पाहत राहिले.

चैत्रात जिन्यावर जड पावलं वाजली. केराबाई भीमाला घेऊन आली होती. भीमाच्या हातात फोटो होता.

"मास्तर," तो इरप्पाला म्हणाला, "ह्येच्यात तोंड कुटं हाय? म्या तोंड मागितलं हुतं. काळं तोंड घिऊन हुबा ऱ्हायल्याला कोन मानूस, कसं समजायचं?"

केराबाईने फोटोवर बोट ठेवलं. "तोंड सोड," ती म्हणाली. "खांद्यावर काय हाय, बग. आन् अण्णा, ती घोंगडी काडा."

इरप्पाने मला ट्रंकेखालून ओढलं, खिडकीशी नेऊन झटकलं. धूळ आणि खाल्लेला कोपरा पाहून तो ओशाळला. भीमाने मला हातात घेतलं, लोकर चिमटीत धरून चोळली आणि हुंगली. मेंढरांत जन्म गेलेला माणूस तो. "ही माज्या काळ्या मेंढीची," तो हळूच म्हणाला. मग त्याने फोटोतलं ठिगळ पाहिलं, माझ्यावरचं ठिगळ पाहिलं. पांढरा दोरा फोटोत लख्ख उठला होता. तिरपे, एकावर एक पडलेले टाके त्याने बोटाने एक एक करून जुळवले. बांधावर बसून मला शिवणारा दहा वर्षांचा भाचा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"आक्का, ह्ये टाकं त्याचंच," भीमा म्हणाला. "दुसऱ्या कुनाला आसं वाकडं जमायचंच न्हाई." आणि त्याने डोळ्यांना मुंडासं लावलं.

त्या वर्षअखेर महिपतीला रजा मिळाली आणि बजाबाईशी त्याचं लग्न झालं. नवरदेवाला बसायला मलाच अंथरलं होतं, कोपरा खाल्लेली, तरी मलाच. इरप्पा कॅमेरा घेऊन वाडीला आला. त्याने आधी दोघांची तोंडं स्वतः उभं राहून धुऊन घेतली आणि मगच फोटो काढला. दोघंही गोरीगोमटी आली.

आता मी केराबाईच्या घरात दांडीवर असते. महिन्यातून एकदा ती मला उन्हात घालते, कडुनिंबाचा पाला घालून घडी करते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं कापड, एखादी ठिगळाची गोधडी असेल. फेकण्याआधी ती झटका, उजेडात धरा आणि टाके कुणाचे आहेत ते बघा. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्ही साक्ष द्यायला चुकत नाही.

माझ्या समोरच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. धुतलेल्या तोंडांचा लग्नाचा फोटो खाली आहे आणि विमानापुढचा काळ्या तोंडाचा वर. इरप्पा एकदा म्हणाला होता, "केराबाई, तो वरचा आता काढून टाका. मला लाज वाटते."

केराबाईने पदराने वरच्याच फोटोची काच पुसली.

"काडू नगा अण्णा," ती म्हणाली. "खालच्यात माज्या पोराचं तोंड हाय. वरच्यात त्याच्या तोंडावर माजा हात हाय."